जेद्दाहचं झाडवालं घर आणि किताबांचा व्यापारी-वारस

उमरा अदा झाला होता आणि परतीच्या विमानाला एक दिवस बाकी होता. आमच्यातल्या बायकांना बाजार करायचा होता, मुलांना समुद्र बघायचा होता. शेवटी सगळे मिळून जुन्या जेद्दाहच्या अल-बलद भागात गेलो. असरची नमाज झाली आणि सूक अल-अलवीच्या गल्लीतून चालत चालत आम्ही एका उंच, पांढऱ्या घरासमोर येऊन थांबलो. समोर कडुनिंबाचं झाड! आपल्या कोकणात, देशावर दारोदारी दिसणारं हे झाड. पण पूर्वीच्या जेद्दाहमध्ये गोड्या पाण्याचे हाल होते. झाड जगवणं ही श्रीमंतांनाच परवडणारी गोष्ट होती. बराच काळ शहरात नाव घ्यावं असं हेच एक झाड होतं, म्हणून लोक या वास्तूला ‘झाडवालं घर’ म्हणूनच ओळखत.

हे बैत नसीफ. उमर नसीफ एफेंदी हे जेद्दाहचे बडे व्यापारी आणि मक्केच्या शरीफांचे इथले वकील. त्यांनी १८७२ मध्ये बांधकाम सुरू केलं, ते १८८१ च्या सुमारास पुरं झालं. भिंतींचा दगड तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाचा. खिडक्यांवर बाहेर आलेले लाकडी जाळीदार सज्जे आहेत, त्यांना तिथे रोशन म्हणतात. त्यातून वारा आत येतो, पण बाहेरच्याची नजर येत नाही. जिने इतके रुंद आणि पायऱ्या इतक्या बुटक्या की सामान लादलेले उंट थेट वर चढत, असं सांगितलं जातं. आमच्यातल्या गुडघेदुखीवाल्यांनी त्या पायऱ्या बांधणाऱ्याला मनापासून दुआ दिली.

पण हे घर आमच्या लक्षात राहिलं ते उमर एफेंदींच्या नातवामुळे.

शेख मुहम्मद नसीफ यांचा जन्म १८८५ चा. वडील लवकर वारले. यतीम पोराला आजोबांनी वाढवलं. पुढे एवढं घर, एवढा पैसा, एवढी इभ्रत वारशात मिळाली. असा मुलगा ऐषारामात बुडाला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्यांना नाद लागला तो किताबांचा. छापील पुस्तकं, हस्तलिखितं, जिथून मिळतील तिथून ते मागवू लागले. बघता बघता घरात हजारो किताबं जमली. ती कुलपात ठेवली नाहीत. वाचायला येईल त्याला दार उघडं होतं. अनेक दीनी किताबं त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापून घेतली आणि वाटली. दूरदूरच्या उलेमांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हजला येणारे आलिम, लेखक, मोठी माणसं या घरात उतरत, जेवत आणि चर्चा करत.

डिसेंबर १९२५ मध्ये जवळजवळ वर्षभराच्या वेढ्यानंतर जेद्दाह शरण आलं. त्या वेळी अब्दुलअझीझ इब्न सऊद शहरात आले आणि याच घरात मुक्कामाला राहिले. ज्या घराचा मूळ मालक शरीफांचा वकील होता, तिथेच नव्या राजवटीचा बादशहा पाहुणा झाला. राजवटी बदलल्या, घराचा दरवाजा मात्र पाहुण्यांना उघडाच राहिला.

पुढे तेलाचा पैसा आला. १९४७ मध्ये शहराची तटबंदी पाडली गेली. श्रीमंत घराणी नव्या वस्त्यांत गेली आणि जुनी घरं ओस पडू लागली. शेख मुहम्मद नसीफ १९७१ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. त्यांची किताबं आता तिथल्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. घर संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र झालंय, आणि २०१४ पासून जुनं जेद्दाह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

वरच्या मजल्यावर रोशनपाशी उभं राहून आम्ही खालची गल्ली बघत होतो. आमच्या आजोबांची पिढी मुंबईहून बोटीनं हजला यायची ती याच बंदरात उतरायची. १९९५ पर्यंत ती वाट सुरू होती. आमचे दादाही असेच आले होते आणि परत जाताना खजूर आणि झमझमबरोबर थोड्या किताबाही घेऊन गेले होते. त्यांची पेटी गावच्या घरी माळ्यावर होती. ‘होती’ असं म्हणावं लागतं. दादांच्या इंतेकालनंतर घराच्या वाटण्या झाल्या. कोनाडा कुणाचा, विहीर कुणाची यावर भाऊभाऊ महिनोन्महिने भांडले. पेटी मात्र कुणीच मागितली नाही. एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली आणि उरलेलं बाहेर काढून टाकलं. त्या वेळी आम्हाला काहीच वाटलं नाही. जेद्दाहच्या त्या जिन्यावर मात्र वाटलं, आणि आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही.

नसीफ घराण्याइतकी दौलत आपल्याकडे नाही, हे खरं. पण दादांची एक वही, दादीअम्माच्या हातची दुआंची चिठ्ठी, मोडीतला एखादा कागद, उर्दूतलं जुनं मासिक हे तर अजून कित्येक घरांत आहे. ते उन्हं दाखवून, पुसून ठेवायला पैसा लागत नाही. घरात वाचणारं कुणी नसेल तर मदरशाला, शाळेला, गावच्या वाचनालयाला द्यावं. दिलेला इल्म सदका-ए-जारिया असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते प्रत्यक्षात कसं दिसतं, हे आम्ही त्या घरात पाहिलं.

घरी परतल्यावर आम्ही सगळ्या चुलत भावंडांना फोन लावले. आमच्या फुफीकडे दादांची एक किताब अजून सापडली. पहिल्या पानावर त्यांची सही आहे. ती आता माळ्यावर जाणार नाही.