अंधाऱ्या खोलीतला उजेड

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो भराभर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मोबाईलवर येऊन पडले. आपण पाहिले, छान म्हटलं आणि पुढे पाठवून दिले. मैत्रिणींनो, दुसऱ्यानं काढलेलं एखादं सुंदर चित्र पाहून आपण एवढंच करतो, नाही का? पण एक माणूस असा होऊन गेला, की दुसऱ्याचं काम पाहून त्याची झोपच उडाली. हे कसं केलं असेल, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. त्या प्रश्नापायी त्यानं घर पणाला लावलं. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मात्र चित्रं काढण्यात रमणारा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात. तिथेच कॅमेऱ्याचं वेड लागलं. १८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. फोटो काढायचे, ते स्वतः धुवायचे, बिघडले की पुन्हा काढायचे. अशी हौस हळूहळू हातात मुरली.

पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. पण संसाराला दृष्ट लागली. प्लेगनं पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेलं. ते बडोद्याला परतले, तर तिथे लोकांच्या मनात भीती, की फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, माणूस मरतो. गिऱ्हाईक येणार कुठून? मग पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली, ती सोडून छापखाना झाला. आपल्या आजीच्या देवघरात ज्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी असायच्या, त्या राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं कामही त्यांनी जवळून पाहिलं. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून छापखानाही सुटला. वय चाळिशीचं, हाताला काम नाही, घरात मुलंबाळं.

अशा दिवसांत, १९११ च्या आसपास, मुंबईत एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना दिसत होते राम आणि कृष्ण! आपले देव असे पडद्यावर कधी येणार, या विचारानं ते बेचैन झाले. लगेच पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते पुन्हा तोच खेळ पाहायला गेले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. मिळेल तो सिनेमा ते पाहू लागले, रोज चार-चार, पाच-पाच तास. चित्र हलतं कसं, उजेड कुठून येतो, हेच डोक्यात. पुस्तकं आणून रात्र रात्र वाचन. या हट्टापायी डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासंच झालं! उपचारांनी दृष्टी परत आली, आणि बरे होताच ते पुन्हा कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थ नावाच्या नामांकित चित्रपटकाराचा स्टुडिओ त्यांनी पाहिला, सगळी रीत समजून घेतली. थोड्याच आठवड्यांत कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन ते परतले. दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. महिनाभरानंतर पडद्यावर तोच वाटाणा क्षणात उगवून वर चढला! हे पाहिलं, तेव्हा कुठे पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला.

आणि सरस्वतीबाई? माहेरच्या त्या गिरिजा करंदीकर. १९०२ मध्ये लग्न होऊन त्या सरस्वती फाळके झाल्या. त्या काळी कोरी फिल्म कडेला भोकं न पाडताच यायची. अंधारात बसून एकेक भोक नेमकं पाडावं लागे, कारण त्या भोकांत दात अडकूनच कॅमेरा फिल्म पुढे ओढायचा. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणंही शिकल्या. दागिने गेले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. चित्रीकरण सुरू झाल्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे, आणि भर उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं. त्या चादरीवरून उजेड उलटून नटांच्या तोंडावर पडायचा. आजही फोटो काढणारे हीच युक्ती वापरतात.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणानं ते काम केलं. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पडद्यावर आल्या. पुढे ‘लंका दहन’ आला, ‘कालिया मर्दन’ आला. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची लेक मंदाकिनी. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. शेवटची वर्षं मात्र नाशकात ओढगस्तीची गेली. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला, आणि पहिला मिळाला तो एका बाईला, देविका राणी यांना.

मैत्रिणींनो, आज कॅमेरा आपल्या हातातल्या मोबाईलमध्येच आहे. पुढच्या वेळी एखादा फोटो आवडला, तर पुढे पाठवायच्या आधी क्षणभर थांबून पाहा. उजेड कुठल्या बाजूनं आलाय? काढणारी कुठे उभी राहिली असेल? मग सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणातल्या तुळशीचा एक फोटो काढून पाहा. बिघडला तर पुन्हा काढा. फाळक्यांनीही तेच केलं होतं.

आणि घरात कुणी असं वेड घेऊन बसलं असेल, तर त्याच्यासाठी उन्हात चादर धरून कोण उभं आहे, तेही पाहा. बहुतेक वेळा ती आपल्यातलीच कुणीतरी असते. तिचाही एक फोटो काढा.