‘सेल्फ’ मारला की गाडी सुरू! ही सोय देणारे चार्ल्स केटरिंग कोण होते?

किन्हीराजा (जि. वाशीम) : ऐन पेरणीच्या सकाळी चावी फिरवली आणि ट्रॅक्टरमधून नुसता ‘टक्’ आवाज आला, की पहिला संशय सेल्फवर जातो. मग धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. १९१२ पूर्वी बहुतेक पेट्रोल गाड्या रोजच हाताने हँडल मारून सुरू कराव्या लागत. हे कष्ट संपवणारे इंजिनिअर म्हणजे चार्ल्स केटरिंग.

शेतकऱ्याचा मुलगा

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच थांबले. या काळात त्यांनी टेलिफोन लाइन टाकण्याचे काम केले. १९०४ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी ते इंजिनिअर झाले.

गल्ल्यातून सुचली युक्ती

डेटन शहरातील नोकरीत त्यांनी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासोबत ‘डेल्को’ कंपनी काढली.

हँडल उलटे फिरून हात मोडण्याचे प्रकार तेव्हा नेहमीचे होते. त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना सुरक्षित उपाय हवा होता. इंजिन फिरवायला प्रचंड मोटर लागेल, असा समज होता. मात्र गल्ल्याप्रमाणे इथेही जोर काही क्षणच लागतो, हे केटरिंग यांनी ओळखले. छोट्या मोटरवर थोडा वेळ जास्त भार टाकला तरी ती टिकते. १९११ मध्ये प्रयोग यशस्वी झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला.

दुसरी बाजू

पुढे ते १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याच विभागातून शिसेयुक्त पेट्रोल आले. त्याच्या विषारी धुराची किंमत जगाने मोजली. भारतात ते २००० मध्ये बंद झाले. केटरिंग यांचे २५ नोव्हेंबर १९५८ रोजी निधन झाले.

घरी सेल्फ बदलताना

- आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासा. अनेकदा दोष तिथेच असतो.
- गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढा आणि सर्वांत शेवटी जोडा. सेल्फच्या जाड वायरमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो.
- वायरींचा फोटो काढून ठेवा. मोटर जड असते; शेवटचा बोल्ट काढताना खालून आधार द्या.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.
- सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. ही मोटर क्षणभराच्या कामासाठीच बनली आहे.