प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (१८३१ – १९०६) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे कापूस व्यापारी, शेअर दलाल आणि दानशूर होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबईत आलेल्या कापसाच्या तेजीचे आणि त्यानंतरच्या आर्थिक कोसळण्याचे ते प्रमुख सूत्रधार मानले जातात.

प्रारंभिक जीवन

प्रेमचंद यांचा जन्म सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी होते, तर आईचे नाव राजाबाई होते. कुटुंब मुंबईत स्थायिक झाल्यावर त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. पुढे ते दलालीच्या व्यवसायात आले. इंग्रजी लिहू-बोलू शकणारे ते पहिले भारतीय दलाल होते, असे मानले जाते.

अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद आणि मुंबईचा कापूस

१८६० च्या सुमारास अमेरिकेत सुमारे ४० लाख लोक गुलामगिरीत होते. दक्षिणेकडील राज्यांची कापसाची शेती त्यांच्याच श्रमावर चालत असे. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरीस मुभा द्यावी की नाही, यावरून उत्तर व दक्षिण यांच्यातील तेढ वाढत गेली. अब्राहम लिंकन यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाल्यानंतर दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून फुटू लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये युद्धास तोंड फुटले. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली. ब्रिटिश गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असल्याने त्यांनी भारताकडे मोर्चा वळवला.

मुंबईत कापसाचे भाव अनेक पटींनी वाढले. याच सुमारास लोहमार्गांचाही विस्तार होत होता. बोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तर १८६४ मध्ये गुजरातेतून येणारा मार्ग आजच्या बोरिवली-अंधेरी उपनगरांतून मुंबईस पोहोचला.

शेअर बाजारातील तेजी व पतन

कापसातून आलेला पैसा नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळवणाऱ्या कंपन्यांत गुंतवला गेला. त्यांपैकी बॅक बे रिक्लेमेशन कंपनीच्या उभारणीत प्रेमचंद यांचा मोठा वाटा होता. बँक ऑफ बॉम्बेवरही त्यांचा प्रभाव होता. त्यांच्या शिफारशीवरून या बँकेने शेअर्सच्या तारणावर मोठी कर्जे दिली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. अमेरिकी कापूस पुन्हा बाजारात येणार हे दिसताच मुंबईतील भाव गडगडले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी असंख्य व्यवहार बुडाले. अनेक पेढ्या दिवाळखोर झाल्या आणि प्रेमचंद यांचीही बहुतांश संपत्ती गेली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद पडली. तिच्या चौकशीत प्रेमचंद यांच्या व्यवहारांवर टीका झाली. अमेरिकेत मात्र डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली.

दानकार्य व वारसा

भरभराटीच्या काळात प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या देणगीतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती उच्च अध्ययनासाठी प्रतिष्ठेची ठरली. पतनानंतर त्यांनी व्यवसाय पुन्हा उभा केला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअर दलालांच्या संघटनेशीही त्यांचे नाव जोडले जाते. तेजीतील बहुतेक कंपन्या नामशेष झाल्या, मात्र विद्यापीठांना दिलेल्या देणग्या टिकून राहिल्या. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.