टांकसाळीतला इंजिनिअर

सबमिशन्स संपवून गावी गेलो तेव्हा आजीने कपाटातला पत्र्याचा डबा काढून दिला. आत आजोबांची जुनी नाणी. त्यातला एक रुपया चांदीचा, पार काळा पडलेला. मी हुशारी केली. चिंच, मीठ, वर टूथ पावडर, आणि दहा मिनिटांत रुपया चकाचक! एका बाजूला विल्यम राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८३५. मोठ्या अपेक्षेने शहरातल्या एका नाणेविक्रेत्याकडे गेलो. काकांनी भिंग लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, घासलंय का? मग आता चांदीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळेल म्हणाले. तो काळा थर हेच नाण्याचं वय, आणि ते मी धुऊन टाकलं होतं.

कॉलेजला परतल्यावर केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर ठेवून पाहिला. साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरला. मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. पावणेदोनशेहून जास्त वर्षांत एवढीशीच झीज! हे वजन ठरवलं कुणी, म्हणून लायब्ररीत शोधायला लागलो आणि जेम्स प्रिन्सेप हा माणूस सापडला. आपण त्याला शाळेत एका ओळीत उरकतो: ब्राह्मी लिपी वाचणारा इंग्रज अधिकारी. पण मित्रांनो, तो मुळात आपल्या जातकुळीतला!

जन्म २० ऑगस्ट १७९९. वडील जॉन प्रिन्सेप हिंदुस्थानात निळीच्या धंद्यात श्रीमंत झालेले. बंगालमध्ये कंपनीसाठी तांब्याची नाणी पाडायचा मक्ताही त्यांनी घेतला होता. जेम्स आर्किटेक्चर शिकायला लागला, पण बारीक ड्रॉइंग करून डोळे बिघडले आणि ते शिक्षण सुटलं. (ईडीच्या शीट्स काढताना मलाही हेच वाटायचं, पण आमच्याकडे सुटका नाही.) मग लंडनच्या टांकसाळीत तो धातूंचा कस लावायला शिकला आणि १८१९ मध्ये विशीचा पोरगा कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी बनारसच्या टांकसाळीत कस-परीक्षक.

हे काम काय, ते सांगायला हवं. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून रंगावरून अंदाज करतो. टांकसाळीत अंदाज चालत नाही. नाण्याचा छोटा तुकडा तोलायचा, शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत तापवायचा. शिसं आणि भेसळीचं तांबं ऑक्साइड होऊन वाटीत मुरतं आणि मागे शुद्ध चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तोलायचा. दोन वजनांचं गुणोत्तर म्हणजे कस. सगळा खेळ तराजूचा आणि तापमानाचा! प्रिन्सेपने एका ग्रेनच्या तीन हजाराव्या भागालाही हलणारा तराजू बनवला. भट्टीची उष्णता मोजायला वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या सोनं-चांदी-प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचा उपयोग केला, त्यावर निबंध लिहिला आणि १८२८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. वय २९!

बनारसमध्ये फावल्या वेळात (फावला वेळ कुठून आणला देव जाणे) सिव्हिलवाल्यांची कामंही केली. शहरातलं साचलेलं पाणी काढायला भुयारी गटार बांधलं. जवळच कर्मनाशा नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की पुण्य जातं, अशी समजूत. यात्रेकरूंसाठी तिच्यावर पूल बांधायला आपल्या नाना फडणवीसांनी सुरुवात केली होती, पण ते काम अर्धवट राहिलं होतं. नंतर तिथे दगडी पूल उभा राहिला, त्यामागे प्रिन्सेपचं डोकं होतं.

१८३० मध्ये तो कलकत्त्याच्या टांकसाळीत आला आणि १८३२ मध्ये तिथला मुख्य कस-परीक्षक झाला. तेव्हा देशात रुपया एक नव्हताच. आपल्याकडेच अंकुशी, चांदवडी असे किती प्रकार! प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा. गाव बदललं की सराफ बट्टा कापणार. सगळीकडे एकच रुपया हवा असा प्रिन्सेपचा आग्रह होता, आणि १८३५ मध्ये तो आला: १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. आमच्या डब्यातला तो हाच.

पण मला खरी गंमत इथे वाटते. एकच रुपया ठरला म्हणजे बाकीचे रुपये हळूहळू भट्टीत जाणार. टांकसाळीच्या हिशेबात जुनं नाणं म्हणजे नुसती चांदी. वजन आणि कस, यापलीकडे किंमत नाही. आणि हा हिशेब मांडणारा माणूसच घरी गेल्यावर भिंग घेऊन जुन्या नाण्यांवरची अक्षरं उतरवून घेत बसायचा. एशियाटिक सोसायटीचा चिटणीस आणि तिच्या नियतकालिकाचा संपादक तोच. चित्रांचे ठसेसुद्धा स्वतः कोरायचा. त्यामुळे लोक त्याला नाणी पाठवू लागले. रणजितसिंहाच्या सैन्यातल्या व्हेंचुराने माणिक्यालाचा स्तूप उघडला, त्यातली नाणी आली. कंपनीच्या फौजेतून पळालेला चार्ल्स मॅसन काबूलकडे हजारोंनी नाणी गोळा करत होता. त्याच्याच लक्षात आलं की ग्रीक राजांच्या या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी लिपीत तीच नावं. म्हणजे उत्तरासकट आलेली प्रश्नपत्रिका! त्यावरून प्रिन्सेपने खरोष्ठीची अक्षरं लावायला घेतली. ब्राह्मीच्या बाबतीतही असंच एक नाणं लासेन नावाच्या विद्वानाने १८३६ मध्ये वाचलं होतं.

१८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांचे ठसे आले. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. प्रिन्सेपने विचार केला, इतके लोक देवळात काय लिहितील? देणगीच! दानं. द आणि न मिळाले आणि बाकीची अक्षरं भराभर सुटत गेली. पंडित कमलाकांत मदतीला होते. दिल्लीच्या स्तंभावरचा देवानंपिय पियदसि म्हणजे अशोक, हा दुवा सिलोनमधल्या टर्नरने जोडून दिला.

मला मात्र सौराष्ट्राच्या क्षत्रपांची नाणी जास्त आवडतात. चांदीची, नखाएवढी. प्रत्येकावर राजाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव. एका नाण्यावरचा बाप दुसऱ्या नाण्यावर राजा म्हणून सापडतो. सरळ लिंक्ड लिस्ट! ती जोडत जोडत प्रिन्सेपने वंशावळ उभी केली. पुढे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. कोण हरलं आणि कोण जिंकलं, ते त्या ठशातच दिसतं. ही नाणी एखाद्या सोनाराने आधीच आटवली असती तर चांदी तेवढीच भरली असती.

इतकं काम शरीराला झेपलं नाही. १८३८ मध्ये डोकेदुखी वाढली, मग मेंदूच निकामी होत गेला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला जहाजावर घालून इंग्लंडला नेलं. तो पुन्हा बरा झालाच नाही. २२ एप्रिल १८४० ला लंडनमध्ये गेला, चाळिशीत. त्याचा नाण्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठावर त्याच्या नावाचा घाट बांधला.

आजीच्या डब्यात अजून दोन काळे रुपये आहेत. ते मी घासलेले नाहीत, कागदी पाकिटात ठेवलेत. एकावर अर्धवट फारसी अक्षरं आहेत आणि बाजूला अंकुशासारखी एक खूण दिसते. सध्या भिंग घेऊन त्याच्याच मागे लागलोय.