साथीच्या पेटीपासून

मंडळाच्या भजनाला मी पेटीची साथ करते, म्हणून सी. रामचंद्र यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ साली पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे ते गाणे शिकले आणि १९३५ च्या ‘नागानंद’ चित्रपटात नायक झाले. ते नायकपण टिकले नाही. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते पेटीवादक म्हणून बसले. कुणाला ही पीछेहाट वाटेल. पण साथ करणाऱ्यास दुसऱ्याचा गळा ओळखावा लागतो, त्याचा श्वास जपावा लागतो. ती विद्या तिथेच मुरली, असे मला वाटते.

१९४२ साली ‘सुखी जीवन’ने हिंदीत त्यांना संगीतकार केले. ‘अलबेला’त (१९५१) गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट साहाय्याला होते, आणि मास्टर भगवान यांच्यासाठी ते स्वतःच ‘चितळकर’ या नावाने गायले. विलायती ठेका धरणारा हाच हात ‘अनारकली’त (१९५३) लताबाईंच्या गळ्यासाठी किती हळुवार झाला! चीनच्या युद्धातील वीर जवानांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिले, त्याची चालही त्यांचीच.

१९८२ साली ते निवर्तले.

भगिनींनो, गाणारीचे कौतुक आपण करतोच. तिच्या मागे पेटी-तबल्यावर बसणारीलाही मान द्यावा. सूर सांभाळता सांभाळता तीही काही शिकत असते, आणि तिच्या मनातही एखादी चाल असू शकते.