पडद्याला नकार देणारा कथाकार : एच. पी. लव्हक्राफ्ट

मराठी वाचकाला अमानुष, मानवेतर शक्तींच्या भयाची ओळख मुख्यत्वे नारायण धारप यांच्या लेखनातून झाली. ज्या इंग्रजी भयकथा-परंपरेशी धारपांचे नाते सांगितले जाते, तिच्यातील एक प्रमुख नाव हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट याचे आहे. त्याच्या कथांवर आजवर अनेक चित्रपट निघाले, आणि त्यांतील बरेचसे अल्पखर्ची आहेत. स्वतः लव्हक्राफ्टला मात्र आपल्या कथांचे असे रूपांतर मुळीच मान्य नव्हते. हा विरोध केवळ विक्षिप्तपणाचा नव्हता. त्याच्या चरित्रात आणि वाङ्मयीन भूमिकेत त्याची कारणे सापडतात.

लव्हक्राफ्टचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे झाला. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांना वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे लागले. १८९८ साली तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे १९१९ साली आईलाही त्याच रुग्णालयात जावे लागले व १९२१ मध्ये तीही गेली. दरम्यान १९०४ साली आजोबा वारले, घराण्याची संपत्ती ओसरली आणि राहते घर सुटले. प्रकृतीच्या कारणाने त्याचे शालेय शिक्षणही अपुरे राहिले. खगोलशास्त्राची आवड मात्र बालपणापासून जडली, ती कायमची. अथांग विश्वात मनुष्याला काहीही स्थान नाही, ही त्याच्या कथांतील मध्यवर्ती जाणीव या अभ्यासातून आली असे म्हणावयास जागा आहे. तिच्या दाहकतेला घरातील पडझडही कारण झाली असावी.

१९२४ साली त्याने सोनिया ग्रीन हिच्याशी विवाह केला व तो न्यूयॉर्कला गेला. तेथे नोकरी मिळाली नाही, संसार विस्कटला, आणि स्थलांतरितांविषयीचा त्याचा मूळचाच द्वेष अधिक कडवट झाला. हा वंशद्वेष चरित्रकाराला झाकून ठेवता येत नाही, कारण तो कथांतही उतरला आहे; ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ हे त्याचे उघड उदाहरण. जागतिक अद्भुतकथा पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणून दिला जाणारा लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा २०१५ साली बंद करण्याचा निर्णय झाला तो याच वादातून.

१९२६ साली तो प्रॉव्हिडन्सला परतला आणि त्याच उन्हाळ्यात त्याने ‘द कॉल ऑफ कथुल्हू’ ही कथा लिहिली. ‘वीअर्ड टेल्स’च्या संपादकाने ती प्रथम परत पाठविली, १९२८ साली ती तेथेच छापली गेली. इतरांच्या हस्तलिखितांची दुरुस्ती करून तो जेमतेम पोट भरी.

चित्रपट त्याला वर्ज्य होता असे नाही. तरुणपणी तो चॅप्लिनचा चाहता होता. परंतु १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ त्याला शेवटपर्यंत पाहवला नाही आणि त्याच वर्षीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने त्याची निराशा केली. १९३३ साली आपल्या एका कथेच्या नभोवाणी-रूपांतराची विचारणा झाली असता पैशाची निकड असूनही त्याने ती नाकारली. त्याच्या मते भयकथेचा प्राण वातावरणात असतो, घटनेत किंवा राक्षसात नव्हे. आणि लोकप्रिय माध्यम नेमके वातावरणच गाळून टाकते. याला एक लक्षणीय अपवाद आहे. कालप्रवासावरील ‘बर्कली स्क्वेअर’ हा १९३३ चा चित्रपट त्याने पुन्हापुन्हा पाहिला आणि ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ या कथेला त्यातून चालना मिळाली.

१५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. हयातीत त्याचे एकच कथापुस्तक निघाले, तेही छपाईच्या चुकांनी भरलेले. १९३९ साली ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वँड्री या मित्रांनी खास त्याच्या लेखनासाठी प्रकाशनसंस्था काढली नसती, तर तो बहुधा विस्मृतीत गेला असता.

पडद्यावर तो आला तो दुसऱ्याच्या नावाने: १९६३ साली रॉजर कॉर्मनने त्याच्या कादंबरिकेवर चित्रपट काढला, पण शीर्षक एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेचे दिले. स्टुअर्ट गॉर्डनचा ‘री-अ‍ॅनिमेटर’ (१९८५) खूप गाजला. तो ज्या कथामालेवर आधारलेला आहे, ती लव्हक्राफ्टने प्रत्येक भागाला पाच डॉलर घेऊन लिहिली होती आणि तिच्याविषयी त्याला स्वतःलाच तिटकारा होता. जपण्यासारखे वातावरण मूळ कथेतच नसल्याने रूपांतरकाराला रक्त आणि विनोद यांचा मुक्त वापर करता आला, हे या यशाचे कारण दिसते. उलट ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’वरील गिलेर्मो देल तोरो यांचा प्रचंड खर्चाचा प्रकल्प २०११ साली निर्मितिसंस्थेने सोडून दिला.

या संदर्भात २००५ सालचा ‘द कॉल ऑफ कथुल्हू’ विशेष विचारात घ्यावा लागतो. अँड्र्यू लेमन व शॉन ब्रॅनी यांनी लव्हक्राफ्टच्या चाहत्यांच्या संस्थेतर्फे तो काढला. तो कृष्णधवल आहे, मूक आहे, अवघ्या ४७ मिनिटांचा आहे. जणू कथा लिहिली गेली त्याच काळी तो चित्रित झाला असावा अशी त्याची घडण आहे. कमी पैशामुळे येणारा ओबडधोबडपणा त्यामुळे दोष न ठरता काळाची खूण ठरतो. संवाद नसल्याने लव्हक्राफ्टच्या निवेदनप्रधान कथेवर कृत्रिम संभाषणे लादावी लागत नाहीत. भूमितीचे नियम मोडणारे ते समुद्रतळीचे शहर घरगुती साहित्यातून उभे केले आहे, कथुल्हू एकेक चौकट टिपून हलविलेली बाहुली आहे, आणि ज्या समुद्रातून तो वर येतो, तो चकचकीत कापडाचा आहे.