वाल्डेमार हाफकिन

मनुष्याच्या एका तळहातावर सरासरी दीडशे जातींचे सूक्ष्म जंतू आढळतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु मातीतून हातास वा हत्यारास चिकटलेला एखादा जंतू किती अनर्थ करतो, हे मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या हाफकिनसाहेबांच्या चरित्रात दिसते.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस शोधली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईस प्लेगने ग्रासले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी आपल्याच अंगावर पारखली. दुसऱ्यास टोचण्यापूर्वी स्वतः टोचून घेणे, हा त्यांचा बाणा आम्हास फार थोर वाटतो.

पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेच्या माथी आला व हाफकिन पदावरून दूर झाले. वस्तुतः बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुराव्यावरून निघाले. इतर बाटल्यांची लस घेतलेले सारे सुखरूप होते! तरी निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी देह ठेवला.